औषध मारूनही जात का नाही? घरातल्या किडीविषयी वाचकांचे प्रश्न

पावसाळा लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर ठरलेला असतो: 'अमुक किडीवर कुठलं औषध मारू?' या वेळची पत्रंही त्याच सुरातली. उत्तरांत औषधांची नावं आणि मात्रा दिल्या आहेत, पण बहुतेक ठिकाणी त्या शेवटी आल्या आहेत. कापसावर, तुरीवर एकात्मिक कीड व्यवस्थापन म्हणून आपण जे ऐकत आलो, तेच घरालाही लागू पडतं. कीड कोणती ते ओळखायचं, तिची वाट आणि दाणापाणी तोडायचं, किती उरली ते मोजायचं, आणि तरीही गरज पडली तर औषध द्यायचं, तेही नेमक्या जागी.

प्रश्न : आमचं घर विटांचं, स्लॅबचं, पस्तीस वर्षांपूर्वीचं. सागवानी चौकटींना वाळवी लागली आहे. दोनदा माणूस बोलावून औषध मारलं, तरी वर्षभरात पुन्हा मातीच्या रेघा दिसतात. घराभोवती काळी माती आहे. — एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : वाळवी चौकटीत राहत नाही, तिथे ती फक्त जेवायला येते. तिचं वारूळ जमिनीत असतं, कधी कधी घरापासून बऱ्याच अंतरावर, आणि ये-जा त्या मातीच्या बोगद्यांतून चालते. तुमच्याकडे दोन्ही वेळा औषध लाकडावर आणि रेघांवरच मारलं गेलेलं दिसतं. जेवायला आलेल्या मेल्या, जमिनीतल्या तशाच राहिल्या.

काळ्या मातीचा एक वेगळा त्रास आहे. एप्रिल-मेमध्ये ती आकसते आणि जोत्यापासून सुटते. बोट जाईल एवढी फट पडते, खोलही जाते. आधी त्या मातीत औषध दिलेलं असलं तरी त्याचा पट्टा इथे तुटतो आणि पावसाला सुरुवात झाली की वाळवीला आयती वाट मिळते. ही फट मृगाच्या आधी मुरमानं ठासून भरा. जमत असेल तर घराभोवती अडीच-तीन फुटांचा सिमेंटचा पट्टा करून घ्या, उतार घराबाहेर. भिंतीला टेकवून रचलेल्या तुराट्या, पऱ्हाट्या, सरपण, जुन्या फळ्या हलवा. कूलरचं किंवा एसीचं पाणी जोत्याशी ठिबकत असेल तर नळी लांब न्या. ओल आणि लाकूड एकत्र मिळालं की वाळवीला आणखी काही लागत नाही.

आता औषध. बांधून झालेल्या घरांसाठी भारतीय मानक आयएस ६३१३ चा तिसरा भाग आहे आणि काम त्याप्रमाणेच करून घ्यावं. भिंत आणि फरशी मिळते त्या सांध्यात १२ मिलीमीटरची भोकं पाडायची, दोन भोकांत ३० सेंटिमीटर अंतर, खोली फरशीखालच्या मातीपर्यंत. प्रत्येक भोकात जिरेल तेवढं द्रावण, जास्तीत जास्त १ लिटर. जोत्याच्या भिंतीतली भोकं खालच्या बाजूला ४५ अंश तिरकी. चौकटींना ६ मिलीमीटरची तिरकी भोकं, १५ सेंटिमीटरवर एक, आणि त्यात तेलातलं औषध, कारण पाण्यातलं औषध सागवानात मुरत नाही. मग भोकं पांढऱ्या सिमेंटनं बुजवायची. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के असेल तर १ लिटर पाण्याला २.१ मिलिलिटर हे प्रमाण आहे.

हिशेब करून बघा. ३ बाय ४ मीटरच्या खोलीचा घेर १४ मीटर, म्हणजे साधारण ४६ भोकं, आणि एका खोलीलाच ४० ते ४६ लिटर द्रावण. ५ लिटरचा पंप घेऊन अख्खं घर तासाभरात 'करून' देणारा माणूस जमिनीला औषध देत नाही, हे एवढ्यावरून कळतं.

तीन ठिकाणी काम बिघडतं. फरशीखालून नळ किंवा वायर गेली असेल आणि ती आधी दाखवली नसेल, तर ड्रिल तिथेच घुसतं. बाथरूमची बाजू 'ओली आहे' म्हणून सोडली जाते आणि वाळवी तिथूनच वर येते. तिसरी चूक जिवावरची आहे. आपल्याकडे कित्येक घरांत पाण्याचा हौद जोत्याला लागून, जमिनीखाली असतो. त्या भिंतीजवळ, तसंच विहीर किंवा बोअरच्या शेजारी, औषध सोडू देऊ नका. ती बाजू तशीच राहिली तर राहू द्या, तिथलं लाकूड हलवा आणि दर महिन्याला टॉर्च लावून पाहा.

काम झाल्यावर रेघा लगेच पुसून टाकू नका. प्रत्येक रेघेच्या मधला बोटभर तुकडा खरवडा आणि तारीख लिहून ठेवा. तीन-चार दिवसांत तो तुकडा पुन्हा मातीनं भरला तर वाळवी जिवंत आहे. हमीपत्र घेताना पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पाहणी करायची अट त्यात लिहून घ्या.

प्रश्न : जुन्या पलंगाखाली रोज पिठासारखी पिवळसर भुकटी पडते. ही वाळवीच ना? — एक वाचक, हिंगोली

उत्तर : नाही. वाळवी माती आणते, कोरडी भुकटी सोडत नाही. लाकडाला टाचणीच्या डोक्याएवढी गोल छिद्रं दिसत असतील तर तो लाकूड पोखरणारा भुंगा आहे. तो आंबा, बाभूळ, बांबू आणि सागवानाच्या वरच्या कच्च्या, फिक्या भागात लागतो. यासाठी जमिनीत औषध देण्याचा काही उपयोग नाही. पलंग उन्हात काढून झटका, प्रत्येक छिद्रात सुईच्या सिरिंजनं लाकडासाठीचं औषध सोडा, छिद्रं मेणानं बुजवा आणि सगळ्या बाजूंनी, आतूनसुद्धा, पॉलिश करा. उघड्या लाकडाच्या बारीक रंध्रांत मादी अंडी घालते, पॉलिश असेल तर तिला जागा मिळत नाही. भुकटी झाडून महिनाभर वाट पाहा. नवी पडली नाही तर काम झालं.

प्रश्न : नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, कधी दहा दिवसांनी. पिंपं, हौद, टाकी भरून ठेवल्याशिवाय चालत नाही. नगरपालिकेची माणसं 'पाणी साठवू नका' सांगून जातात. मग डेंग्यूच्या डासाचं करायचं काय? — एक गृहिणी, जालना

उत्तर : साठवू नका हा सल्ला आपल्या भागात निरर्थक आहे. २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पाण्याची टंचाई माहीत असलेला माणूस भरलेलं पिंप ओतून देणार नाही, आणि देऊही नये. साठवायचंच आहे, पण डासाला पोचू न देता.

डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो, दिवसा चावतो आणि त्याच्या पायांवर पांढरे पट्टे असतात. रात्री कानाशी गुणगुणणारा बहुधा क्युलेक्स असतो, तो गटारीत आणि शौचालयाच्या टाकीत वाढतो. दोघांचे उपाय वेगळे आहेत, म्हणून आधी चावतंय कोण ते बघा.

एडिसची मादी अंडी पाण्यात घालत नाही. पाण्याच्या रेषेच्या थोडं वर, भांड्याच्या ओलसर भिंतीवर ती चिकटवते. ही अंडी कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात. अंड्यापासून उडणारा डास व्हायला उन्हाळी हवेत ७ ते १० दिवस लागतात. तुमच्याकडे पाणी येतंही साधारण तेवढ्याच अंतरानं. खरी गोम इथे आहे: पिंप पूर्ण रिकामं होत नाही, तळाशी पाणी असतानाच वरून नवं भरलं जातं, आणि भिंतीवरची अंडी बरोबर पाण्याखाली जातात.

म्हणून नुसतं ओतून टाकणं पुरत नाही, घासावं लागतं. नळ येण्याच्या आदल्या दिवशी जे पिंप सर्वांत रिकामं असेल त्यातलं उरलेलं पाणी झाडांना किंवा संडासाला वापरा, आतली भिंत काथ्यानं किंवा ताठ ब्रशनं वरपासून खालपर्यंत घासा, विसळून ते पाणी मातीत ओता. मोरीत नको. पिंपं चार असतील तर पाळी लावा, पण कुठलंही पिंप दोन पाळ्या न घासता जाऊ देऊ नका.

झाकणाच्या बाबतीत बहुतेक घरं फसतात. पत्र्याचं झाकण, त्यावर दगड, आणि कडेला बोटभर फट. डासाला तेवढी पुरते. जुन्या धोतराचं किंवा साडीचं दुहेरी कापड तोंडावर ताणून दोरीनं घट्ट बांधा आणि झाकण त्यावर ठेवा. कापड खाली लोंबून पाण्याला टेकू देऊ नका. गच्चीवरच्या टाकीचं झाकण आणि तिचा ओव्हरफ्लोचा पाइप दोन्ही तपासा. पाइपच्या तोंडाला १.२ मिलीमीटरची जाळी बांधा, याहून मोठ्या भोकाची चालत नाही.

मोठ्या हौदात गप्पी मासे सोडा. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा नगरपालिकेच्या हिवताप विभागात ते मिळतात. दहा-पंधरा पुरे, पुढे तेच वाढतात. ब्लीचिंग पावडर भसाभस टाकली तर मासे मरतात, एवढं लक्षात ठेवा. पाण्यात टाकायचं टेमिफॉस हे अळीनाशक आरोग्य कर्मचाऱ्याकडूनच टाकून घ्या. त्याची मात्रा १ लिटरला १ मिलिग्रॅम इतकी बारीक असते, ती अंदाजानं टाकायची वस्तू नाही.

आणि कूलर! आपल्याकडे तो मार्चमध्ये सुरू होतो, पाऊस पडला की बंद होतो आणि तळाच्या पाण्यासकट कोपऱ्यात उभा राहतो. बंद करताना पाणी काढा, टाकी घासा आणि गवताचे जुने टट्टे जाळून टाका, त्यांत अंडी असतात. फ्रिजच्या मागचा ट्रे आणि मनी प्लांटची बाटली दर आठवड्याला.

क्युलेक्ससाठी एकच गोष्ट सांगतो, कारण ती कुणी करत नाही. शौचालयाच्या टाकीच्या हवेच्या पाइपला वर नायलॉनची जाळी बांधा आणि टाकीच्या झाकणांच्या फटी सिमेंटनं बंद करा. धुराच्या गाडीनं उडते डास मरतात, अळ्यांना काही होत नाही. चार-पाच दिवसांनी नवे उडतात.

प्रश्न : अपार्टमेंटमध्ये राहतो. दर तीन महिन्यांनी फवारणी करून घेतो, तरी स्वयंपाकघरात झुरळं. बारीक, तपकिरी. — एक वाचक, नांदेड

उत्तर : बारीक, तपकिरी, डोक्यामागे दोन काळसर पट्टे, लांबी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर. हे जर्मन झुरळ आहे. ते मोरीतून येत नाही, स्वयंपाकघरातच राहतं. ट्रॉलीच्या बिजागरीत, मिक्सरच्या बुडाशी, फ्रिजच्या मोटरशेजारी, ओट्याच्या फटीत. मोरीतून येतं ते अंगठ्याएवढं मोठं, तांबूस झुरळ.

फवारणीनं ही जात का जात नाही, ते बघा. मादी ३० ते ४० अंड्यांची पिशवी शेपटाशी घेऊन फिरते आणि अंडी फुटायच्या वेळी सोडते. पिशवीत औषध पोचत नाही. शिवाय वास लागला की उरलेली झुरळं भिंतीच्या आत किंवा शेजाऱ्याच्या घरात सरकतात आणि फवारा सुकला की परततात. तीन महिने हा अवकाश त्यांना एक अख्खी पिढी वाढवायला पुरतो.

जेलचं आमिष वापरा, फिप्रोनिल ०.०५ टक्के किंवा इमिडाक्लोप्रिड २.१५ टक्के. आधी मोजा: पाच-सहा चिकट सापळे ओट्याखाली, फ्रिजमागे, सिंकखाली, ट्रॉलीत ठेवा. तीन रात्रींनी ज्या सापळ्यात जास्त सापडली, जेल मुख्यतः तिथे. मुगाच्या दाण्याएवढे ठिपके, एका ठिकाणी दोन-तीन, आणि ते फटीच्या तोंडाशी. मध्यम स्वयंपाकघराला ३० ते ४० ठिपके लागतात. एकच मोठा गोळा लावला तर वर साय धरते आणि झुरळ तोंड लावत नाही. गॅसजवळचा ठिपका उष्णतेनं लवकर वाळतो, तो तिथे लावूच नका. जेल खाऊन झुरळ बिळात मरतं, त्याची विष्ठा आणि मढं खाऊन पिल्लं मरतात. म्हणून तीन-चार दिवस काहीच घडत नाहीये असं वाटतं.

जेल लावलं की स्प्रे, फिनाइल, खडूच्या रेघा तिथे बंद. हे लोक हमखास विसरतात. त्या वासानं झुरळ जेलकडे फिरकत नाही आणि दोष जेलला लागतो. रात्री ओटा कोरडा पुसा, कचऱ्याला झाकण, सिंकखालची गळती बंद. खायला दुसरं काही नसेल तरच जेल खाल्लं जातं. तीन आठवड्यांनी पुन्हा सापळे लावून मोजा, आकडा घटला नसेल तर जागा चुकल्या आहेत. शेजारच्या फ्लॅटनंही त्याच आठवड्यात केलं तर काम निम्म्या वेळात होतं.

मोठ्या झुरळांसाठी मोरीच्या जाळीखालचा नहाणी ट्रॅप बघा. पाणी तुंबतं म्हणून आतली वाटी काढून फेकलेली असते, आणि गटारीपासून मोरीपर्यंत रस्ता मोकळा होतो. वाटी बसवा, पाण्याचा थर ५० मिलीमीटर राहिला पाहिजे. सुट्टीत घर बंद ठेवणार असाल तर जाताना प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर खाद्यतेल टाका. तेलामुळे पाणी उडून जात नाही.

प्रश्न : वर्षाचा करार घ्यायचा असल्यास काय विचारावं? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : परवाना विचारा. कीटकनाशक कायदा १९६८ आणि त्याखालच्या नियमांनुसार पैसे घेऊन कीडनियंत्रण करणाऱ्याला परवाना लागतो. मग बाटली दाखवायला सांगा, सुट्या कॅनमधलं औषध नको. बाटलीवरचा त्रिकोण बघा: लाल सर्वांत विषारी, त्याखाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. घराच्या आत लाल किंवा पिवळा दिसला तर त्या माणसाला दारातूनच परत पाठवा. शेतातलं औषध 'जोरदार असतं' म्हणून घरात मारणारे अजून भेटतात. त्यातलं बरंचसं बंद खोलीत महिनोन्महिने राहतं. आणि करारात 'दर तीन महिन्यांनी फवारणी' असं नसून 'दर महिन्याला पाहणी, गरज असेल तिथे उपचार' असं लिहून घ्या. दर जास्त वाटेल, औषध कमी लागेल.

प्रश्न : मुलगी लातूरला नीटच्या तयारीसाठी वसतिगृहात होती. ती परत आल्यापासून घरात ढेकूण. — एक आई, सेलू

उत्तर : अशी पत्रं दर मे-जूनमध्ये येतात. ढेकूण गादी, ट्रंक, बॅगेच्या शिवणीतून प्रवास करतो. तो अस्वच्छतेचा पुरावा नव्हे, त्यामुळे मुलीला काही बोलू नका.

तिची बॅग, चादरी, कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा, घरभर हलवू नका. धुण्याजोगं सगळं ६० अंशांच्या गरम पाण्यात अर्धा तास. पलंग मोकळा करा. लाकडाच्या प्रत्येक खाचेत, स्क्रूच्या भोकात, गादीच्या शिवणीत काळे ठिपके दिसतील. तिथे वाफ द्या. वाफेचं तोंड अगदी हळू, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर, फिरवा. जोरानं मारली तर ढेकूण उडून दुसरीकडे पडतो. पलंग भिंतीपासून वीतभर दूर, चादर जमिनीला टेकू नये, आणि प्रत्येक पायाखाली गुळगुळीत प्लास्टिकची वाटी. ढेकूण तिच्यात पडला की वर चढू शकत नाही, आणि किती उरलेत ते रोज सकाळी मोजताही येतात.

उन्हात गादी टाकण्याचा जुना उपाय अर्धाच चालतो. ढेकूण आणि अंडी मरायला ५० अंशांच्या आसपास तापमान काही तास लागतं. परभणीच्या मे महिन्यात पत्र्यावर काळ्या पिशवीत ठेवलेले कपडे, पातळ उशी तेवढे तापतात. सहा इंची कापसाची गादी आतून तापत नाही, ढेकूण खालच्या सावलीत सरकतो. गादी जुनी असेल तर ती फाडून, चिठ्ठी लावून टाकून द्या, म्हणजे दुसरं कुणी उचलून नेणार नाही.

नेहमीच्या स्प्रेला ढेकूण बऱ्याच ठिकाणी दाद देत नाही. अंडी सहा ते दहा दिवसांत फुटतात, म्हणून हाच सगळा खटाटोप दहा-बारा दिवसांनी पुन्हा करावा लागतो. वाट्या सलग सहा आठवडे रिकाम्या राहिल्या की ढेकूण गेले असं समजा.

प्रश्न : ज्वारी आणि तूर घरातच ठेवतो. दुकानदार कोठीत टाकायला गॅसच्या गोळ्या देतो. दोन गोळ्या टाकल्या तर चालेल का? — एक शेतकरी, जिंतूर तालुका

उत्तर : चालणार नाही. अर्धीसुद्धा नाही. या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. हवेतल्या ओलाव्यानं त्यातून फॉस्फिन वायू निघतो, तो दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीत जातो आणि झोपलेली माणसं उठत नाहीत. त्यावर उतारा नाही. कायद्यानं या गोळ्या प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीखालीच वापरायच्या असतात आणि ३ ग्रॅमच्या गोळ्यांच्या १० आणि २० नगांच्या नळ्यांवर २००१ पासून बंदी आहे. सुट्या पुडीत देणारा दुकानदार कायदा मोडतोय. घरात आधीच टाकल्या असतील तर त्यावर पाणी ओतू नका, गॅस एकदम निघतो. सगळ्यांना बाहेर काढा, कुणाला मळमळ, छातीत दाब, धाप लागली तर १०८ ला फोन करा आणि नेमकं काय टाकलं होतं ते डॉक्टरांना सांगा. पाऱ्याच्या टिकड्याही नकोत, त्यात पारा असतो आणि आपण तेच धान्य दळून खातो.

धान्य वाचवायचं काम खरं तर वाळवण्यात आहे. सोयाबीन विकायला नेलं की १२ टक्के ओलावा बघतात ना, ज्वारीलाही तोच आकडा धरा, डाळींना १० च्या आत. ओळखीच्या खरेदी केंद्रावर मूठभर धान्याचा ओलावा मोजून मिळतो. दाताखाली कट्‌कन फुटली पाहिजे. वाळलेलं धान्य गरम असतानाच कोठीत भरणं ही सर्वांत मोठी चूक. रात्री पत्रा थंड होतो, आतल्या बाजूला दव धरतं आणि कडेनं बुरशी सुरू होते. रात्रभर पसरून थंड होऊ द्या, सकाळी भरा. कोठी आधी रिकामी, झाडलेली, फटी बुजवलेली. जुन्या धान्यावर नवं ओतायचं नाही. कोठी फळीवर, भिंतीपासून हातभर लांब.

तुरीतला भुंगेरा शेतातूनच येतो, शेंगेवर अंडी घातलेली असतात. म्हणून तूर अख्खी ठेवण्यापेक्षा लवकर डाळ करून घ्या. भरडलेल्या डाळीत तो वाढत नाही. डाळीला किलोमागे ५ मिलिलिटर करडई किंवा शेंगदाण्याचं तेल चोळा, आपल्याकडे आजी तेच करत. अख्ख्या धान्यासाठी आता हवाबंद पिशव्या मिळतात: बाहेर पोतं, आत प्लास्टिकचे दोन थर, प्रत्येक थराचं तोंड वेगळं पिळून बांधायचं. आतले किडे प्राणवायू संपवून स्वतःच मरतात. दर आठवड्याला तोंड उघडलं तर हवा पुन्हा भरते. म्हणून वर्षाचं धान्य एका मोठ्या पिशवीत न भरता लहान लहान पिशव्यांत भरा.

प्रश्न : पत्र्याच्या घरात उंदीर, आणि जोत्याखाली घुशीनं बीळ केलंय. — एक वाचक, कळंब

उत्तर : पत्रा आणि भिंत यांच्यामधली नागमोडी फट ही उंदराची पायवाट. ६ मिलीमीटरच्या भोकातून लहान उंदीर आत शिरतो. ती फट ६ मिलीमीटरहून बारीक लोखंडी जाळी आणि सिमेंटनं बुजवा. फोम किंवा चिंध्या कुरतडून निघतात. दाराखाली पत्र्याची पट्टी मारा.

सापळा भिंतीला काटकोनात ठेवा, खटका भिंतीच्या बाजूला, दोन-अडीच मीटरवर एक. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून दोन-तीन दिवस खटका न चढवता गूळ-शेंगदाणा नुसताच खाऊ द्या. मग एकाच रात्री सगळे सापळे चढवा. एखाददुसरा सापळा लावून आठवडाभर बसलात तर बाकीचे शहाणे होतात.

घुशीच्या बिळाचं तोंड संध्याकाळी मातीनं बंद करा, सकाळी जे उघडलं ते वापरातलं. तिथे ब्रोमाडायोलोन ०.००५ टक्क्याची वडी तारेनं आत बांधून द्या, उघड्यावर नको. तीन ते सात दिवसांनी परिणाम दिसतो. मेलेली घूस खोल पुरा, नाहीतर मांजर किंवा घुबड तिच्यातलं विष खातं. मुलानं चुकून ही वडी खाल्लीच तर व्हिटॅमिन के-१ हा उतारा आहे, वेष्टन घेऊन दवाखाना गाठा. झिंक फॉस्फाइडची काळी भुकटी आणि पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट यांना उतारा नाही, त्या घरात आणू नका. लेंड्या कोरड्या झाडू नका. ब्लीचच्या पाण्यानं भिजवून, हातमोजे घालून पुसा.

प्रश्न : प्लगमध्ये लावायचं, आवाजानं उंदीर-झुरळ पळवणारं यंत्र घ्यावं का? — एक वाचक, उदगीर

उत्तर : नको. आवाजाला ते दोन दिवसांत सरावतात, आणि भिंत किंवा कपाट मध्ये आलं की तो आवाज पलीकडे जातच नाही. त्या पैशात जाळी घ्या.

प्रश्न : घरात विंचू निघतात. लहान मुलं आहेत. औषध सांगा. — एक वाचक, कन्नड तालुका

उत्तर : विंचवावर फवारा फारसा चालत नाही, त्याचं कवच जाड असतं आणि तो फटीत खोल बसतो. त्याचं खाणं झुरळं आणि किडे, त्यामुळे वरचं झुरळांचं उत्तर तुम्हालाही लागू. दगडांचा ढीग, गोवऱ्या, विटा, पऱ्हाट्या भिंतीपासून दहा-पंधरा फूट लांब हलवा. दाराखालची फट बंद करा, दगडी भिंतीच्या सांध्यांना गिलावा करा.

शोधायला एक स्वस्त साधन आहे: जांभळ्या, अतिनील प्रकाशाची टॉर्च. अंधारात तिच्या उजेडात विंचू हिरवट चमकतो. रात्री आठ-नऊला अंगण, जोतं, मोरी, पत्र्याखालचे वासे यांवर फिरवा. लांब चिमट्यानं उचलून डब्यात टाका, हातानं किंवा चपलेनं नाही. मुलांचे अंथरूण भिंतीपासून दूर, खाटेवर. सकाळी बूट, शाळेचं दप्तर झटकल्याशिवाय हात घालू देऊ नका.

लाल विंचू चावला आणि मुलाला घाम, उलटी, हातपाय गार पडणं, धाप यांपैकी काही दिसलं तर घरी वेळ घालवू नका. प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध या विषावर प्रभावी ठरतं, हे मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावसकर यांनी महाडला काम करताना दाखवून दिलं. जवळच्या सरकारी दवाखान्यात प्राझोसिन आणि विंचवाची प्रतिलस ठेवलेली आहे का, आणि रात्री तिथे डॉक्टर असतात का, हे आजच विचारून घ्या.